चौथा वर्ग आणि एक शिकारी

स्पंज या पाण्यात राहणाऱ्या साध्या प्राण्यांचे सहसा तीनच वर्ग सांगतात: कॅल्केरिया, हेक्झॅक्टिनेलिडा, डेमोस्पंजिया. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत अजून तेवढेच असतात. पण होमोस्क्लेरोमॉर्फा हा छोटा गट, जो आधी डेमोस्पंजियात कोंबला होता, तो जनुकीय पुराव्यांनंतर वेगळा चौथा वर्ग धरतात. ८० टक्क्यांहून जास्त जाती मात्र डेमोस्पंजियातच, गोड्या पाण्यातले स्पंजही त्यातच.

'सगळे स्पंज पाणी गाळून खातात' हे नेहमीचं विधानही थोडं सैल करावं लागेल. १९९५ मध्ये भूमध्य समुद्रातल्या एका उथळ गुहेतला अ‍ॅस्बेस्टोप्लूमा हायपोजिया हा स्पंज मांसाहारी असल्याचं दाखवलं गेलं. त्याच्यात ना पाण्याच्या नलिका, ना पाणी खेचणाऱ्या कशाभिकायुक्त (चाबकासारखा तंतू असलेल्या) पेशी. म्हणजे छिद्री संघाची (म्हणजे सगळ्या स्पंजांच्या गटाची) व्याख्याच ज्यावर उभी, तेच गायब! अंगावरच्या तंतूंवर आकड्यांसारख्या सूक्ष्म कंटिका (सांगाड्याचे बारीक काटे) असतात. त्यात एखादा बारीकसा कवचधारी प्राणी अडकला की आजूबाजूच्या पेशी सरकत येऊन त्याला वेढतात आणि पचवतात. तोंड नाही, पोट नाही, तरी शिकार. मग याला स्पंज म्हणायचं कशावरून? कंटिकांवरून. त्या अगदी डेमोस्पंजियाच्याच.