भूतानला दहा हजार कोटी, मग शिरोळनं काय घोडं मारलंय?

रांगडा_गडी: मार्च २०२४ मध्ये पंतप्रधान भूतानच्या राजधानीला, थिंफूला गेले आणि भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी १०,००० कोटी जाहीर करून आले. आधीच्या योजनेला ४,५०० कोटी होते. इकडं कोल्हापुरात २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली, शिरोळ तालुका पाण्याखाली, हायवे बंद. पाणी उतरल्यावर चिखलानं भरलेल्या घरात पंचनाम्याची वाट बघत बसलेली म्हातारी माणसं मी बघितल्यात. आधी घरचं बघा की.

फौंड्रीवाला: भावा, ते दहा हजार पाच वर्षांचे. २०२५-२६ च्या बजेटात भूतानला २,१५० कोटी हायत आणि अख्खं बजेट ५० लाख कोटींच्या वर. शिरोळच्या पुराचं भांडण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाशी आणि नदीकाठच्या भरावांशी हाय, थिंफूशी न्हाई. आणि हा पैसा वाया जातोय कुठं? भूतानातला चुखा जलविद्युत प्रकल्प ३३६ मेगावॉटचा, त्याला आपलं ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. जादा वीज भारतालाच मिळत आली. २०१७ ला भूतानच्या हद्दीजवळ डोकलामला ७३ दिवस आपलं आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं होतं, तवा हा शेजारी आपल्या बाजूला असण्याची किंमत कळली.

दसरा_चौक: (अलमट्टीचं नाव निघालं, आता धागा भरकटणार!)

शाहूपुरीकर: माझा आक्षेप उलट बाजूनं आहे. याला मदत म्हणायचं तरी कितपत? चुखाला ६० टक्के अनुदान होतं. नंतरच्या मांगदेछू जलविद्युत प्रकल्पाला ते ३० वर आलं आणि उरलेलं ७० टक्के कर्ज, तेही १० टक्के व्याजानं. भूतानचं बाह्य कर्ज त्यांच्या जीडीपीच्या आसपास आहे, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक जलविद्युतचं. जुलै २०१३ मध्ये तर भूतानच्या निवडणुकीला दोन आठवडे असताना आपण त्यांना मिळणारं गॅस आणि रॉकेलवरचं अनुदान काढून घेतलं. सिलिंडर महागला, सत्ताधारी पक्ष हरला, पुढच्या महिन्यात अनुदान परत सुरू. पोलिटिकल एजंटाच्या मर्जीवर चालणारं संस्थान म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

फौंड्रीवाला: २०१३ चं चुकलंच, त्याची वकिली मी करणार न्हाई. पण कर्जाचं एवढं भ्या दाखवू नका. विजेचा दरच खर्च आणि व्याज धरून ठरतो, आणि गिऱ्हाईक आपणच. वीज विकून हप्ता जातोय. श्रीलंकेसारखं रिकाम्या बंदरासाठी काढलेलं कर्ज न्हाई हे.

शाहूपुरीकर: हप्ता वीज तयार झाली तर जातो. पुनात्सांगछू-१ या जलविद्युत प्रकल्पाचं काम २००८ ला सुरू झालं, २०१३ ला धरणाच्या जागेवरचा डोंगर सरकला आणि सगळं रखडलं. सल्लागार भारतीय, मोठे ठेकेदार भारतीय. वाढलेल्या खर्चातलं कर्ज आणि साचलेलं व्याज मात्र भूतानच्या खात्यावर. तो ढिला डोंगर काय त्यांनी निवडला होता?

रांगडा_गडी: म्हंजे पैसे आपले, कंत्राटं आपल्याच कंपन्यांची आणि कर्ज त्यांच्या नावावर. मग तर मला अजून राग यायलाय. शिरोळकराला वाटतंय भूतान मजा करतंय, भूतानवाल्याला वाटतंय भारत. मधल्या मधी बिलं कोण काढतोय ते बघा की.

फौंड्रीवाला: ते बघायचं तर ठेके कसे दिले आणि खर्च कुठं वाढला, एवढं संसदेत विचारा. मदत बंद करून त्यातलं काय कळणार हाय?