४८ तासांची शॉर्टफिल्म स्पर्धा घ्यायची आहे, थीम आणि डेडलाइनचं कसं जमवायचं?

गच्चीवरचा_प्रोजेक्टर:
नमस्कार मंडळी. आमचा नागपुरात सात-आठ जणांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी गच्चीवर पिक्चर बघतो आणि मग खाली टपरीवर त्यावरून भांडतो. आता डोक्यात किडा शिरला आहे की आपणच स्पर्धा घ्यायची. शुक्रवारी संध्याकाळी ७ ला थीम सांगायची, सगळ्यांना एकच, आणि रविवारी ७ ला फिल्म हातात. वीसेक टीम आल्या तरी खूप झालं. अडलंय ते असं की थीम कशी द्यायची म्हणजे कोणी जुनीच फिल्म आणून खपवणार नाही, आणि ४८ तासांतच शूट केलं हे तपासायचं कसं? मोबाईलवाले आणि मोठे कॅमेरेवाले एकत्र ठेवायचे का वेगळे? तारीख डिसेंबरची धरून चाललोय, थंडी असते, सगळ्यांना बरं पडेल. ज्यांनी घेतली आहे किंवा भाग घेतला आहे त्यांनी जरा सांगा.

कटिंग_रूम:
पहिली गोष्ट, थीम म्हणून नुसता एक शब्द देऊ नका. 'पाणी', 'आई', 'स्वप्न' असल्या थीममध्ये कोणाच्याही हार्डडिस्कमधली जुनी फिल्म बसते, शेवटी हिरोला पेलाभर पाणी पाजलं की झाली थीम. २००१ ला वॉशिंग्टनला ४८ अवर फिल्म प्रोजेक्ट सुरू झाला, त्यांची पद्धत बघा. जॉनर, म्हणजे फिल्मचा प्रकार (भयपट, विनोदी वगैरे), प्रत्येक टीमला चिठ्ठीने, पण एक पात्र, एक वस्तू आणि एक डायलॉग सगळ्यांना सारखा, आणि फिल्म ४ ते ७ मिनिटांची. आपल्याकडचा इंडिया फिल्म प्रोजेक्ट २०११ ला अहमदाबादहून सुरू झाला, त्यांनी ५० तास ठेवले. तुम्हाला थीम सारखी हवी आहे तर जॉनर सोडून द्या, पण वस्तू आणि डायलॉग ठेवाच.

डायलॉग असा हवा की पाच जण पाच तऱ्हेने म्हणतील. उदाहरणार्थ 'घेऊन जा गे मारबत'. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा इतवारी-महालात सगळे हेच ओरडत असतात, इथल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. पण तेच वाक्य एखादी बाई विजेच्या बिलाकडे बघून म्हणाली, कोणी ब्रेकअपनंतर म्हणालं, कोणी बापाच्या दवाखान्याच्या फायली जाळताना म्हणालं, की तीन वेगळ्या फिल्म झाल्या आणि थीम एकच, की जे घालवायचं आहे ते जात का नाही. (इथे लिहून टाकलं म्हणजे आता तुम्हाला ते वापरता येणार नाही, सॉरी.)

वस्तू मात्र बाजारात मिळणारी नको, तुम्हीच द्या. मातीचं बोळकं घ्या, त्यावर तुमचा शिक्का आणि टीमचा नंबर रंगवा, शुक्रवारी ७ ला हातात ठेवा. शुक्रवारच्या आधी ते बोळकं अस्तित्वातच नाही, मग आधी शूट करणार कसं? शेवटी एक शॉट चिकटवून पळवाट काढणारे निघतीलच, म्हणून नियमात लिहा की वस्तूला कथेत काम असलं पाहिजे, आणि निकालातल्या पहिल्या पाच फिल्मचं रॉ फुटेज (न कापलेलं मूळ शूटिंग) मागू. मोबाईलच्या फाइलची तारीख बघून काही सिद्ध होत नाही, ती कोणीही बदलतो.

सावजी_स्लेट:
भाऊ थीम-बीम ठीक आहे पण स्पर्धा मरते ती शेवटच्या अर्ध्या तासात. एका कॉलेजच्या असल्याच स्पर्धेत मी फिल्म जमा करायच्या टेबलावर बसलो होतो. साडेसहापर्यंत टेबल रिकामं, पावणेसातला जी गर्दी आली ना बाप्पा! एक पोट्टा उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आरतीच्या ताटावानी धरून जिना चढून आला, स्क्रीनवर रेंडर (म्हणजे एडिटची शेवटची फाइल बनणं) ९६ टक्के, मागून त्याचा दोस्त चार्जर घेऊन सॉकेट शोधून राहिला. ७ वाजले तेव्हा ९९. आता याले पास करायचं की नापास? आयोजक म्हणे घ्या, बाकीचे म्हणे काहून घ्या, आम्ही एक सीन कापून टाईमात आणली. तिथून जे भांडण लागलं ते बक्षीस समारंभापर्यंत चाललं.

पेनड्राइवचा वेगळाच ताप. अर्ध्या पेनड्राइव फॅट३२ नावाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये असतात, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल जातच नाही, आणि पोट्ट्याईले हे रविवारी पावणेसातला समजते. नुसतं ऑनलाइन अपलोड ठेवलं तर ज्याच्या घरी नेट चांगलं तो जिंकला.

माझं ऐकाल तर हॅश मागा, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. फाइल एक्सपोर्ट झाली की तिचा एसएचए-२५६ (हॅशचाच एक प्रकार) काढायचा, विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाच्या कमांडची एक ओळ टाईप केली की निघते, मॅकवर पण निघते. ६४ अक्षरांचं लफडं येते ते ७ च्या आत गुगल फॉर्ममध्ये टाकायचं, फिल्म रात्री १२ पर्यंत आरामात अपलोड करा. नंतर एक फ्रेम जरी बदलली तर हॅश पूर्ण वेगळा येईल, म्हणजे चोरी लगेच सापडते. टाईम फॉर्मचाच धरायचा, कोणाच्या मनगटावरचा नाही. उशिरा आली तर फिल्म दाखवू पण बक्षिसात नाही, हे पहिल्याच दिवशी सही घेऊन ठेवा.

फुटाळ्याची_पोरगी:
मी दोनदा टीममधून खेळले आहे म्हणून त्या बाजूने सांगते. डिसेंबर ठेवू नका, हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा. सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडे मोर्चे, बॅरिकेड, जागोजागी पोलीस, तिथे ट्रायपॉड उघडला की पहिला प्रश्न कोणत्या चॅनलचे. मे तर नकोच, ४५ डिग्रीत कूलर बंद केला तर ॲक्टर जातो आणि चालू ठेवला तर डायलॉग जातो. संक्रांत झाली की जानेवारीचा शेवट बघा, २६ जानेवारी सोडून, तोवर रस्त्यावरचा मांजाही कमी झालेला असतो.

आणि ४८ तास म्हणजे दोन रात्री हे आयोजकांच्या लक्षात येत नाही. मुलींच्या घरून पहिल्या रात्रीची परवानगी कशीबशी मिळते, दुसरीची नाही, मग टीममधली मुलगी शनिवारी ९ ला घरी आणि एडिट मुलंच करणार. एखादी सुरक्षित जागा रात्रभर उघडी ठेवा, दोन मोठ्या बायका तिथे थांबतील असं बघा, आणि घरच्यांना दाखवता येईल असं पत्र द्या. या एका गोष्टीने आमच्या ओळखीच्या निम्म्या मुली आल्या असत्या.

मोबाईल-कॅमेरा वेगळे गट करू नका, फक्त साउंडचं एक वेगळं बक्षीस ठेवा, सगळे आपोआप माईक शोधायला लागतात. मोबाईलवाल्यांना आधीच सांगा की फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ वर लॉक करा. फोन मनाने फ्रेमरेट कमी-जास्त करतो आणि मग एडिटमध्ये ओठ एकीकडे, आवाज एकीकडे. मेट्रोत परवानगीशिवाय शूट चालत नाही. ड्रोन तर सरळ बंदच करा, सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेना नगर इतकं जवळ आहे, कोण त्या लाल-पिवळ्या झोनच्या (ड्रोन उडवायला बंदी किंवा परवानगी लागते ते भाग) भानगडीत पडणार.

गच्चीवरचा_प्रोजेक्टर:
बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. जानेवारीचा शेवट पक्का, बोळकं पक्कं, हॅश पण पक्का (आमच्यातल्या एकालाच तो कळला आहे, तो बाकीच्यांना शिकवेल). रात्रीच्या जागेसाठी एका वाचनालयाशी बोलतो. गाण्यांचं काय करायचं? आणि फिल्म हॉलमध्ये लोकांना बोलावून दाखवल्या तर सेन्सॉर वगैरे लागतं का?

कटिंग_रूम:
सिनेमाची गाणी सरळ बाद करा, नंतर यूट्यूबवर टाकली की कॉपीराइटचा क्लेम येतो. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, नाहीतर टीममधल्या कोणी पेटी वाजवावी. ॲक्टर आणि घरमालक यांच्या सहीचा एक-एक कागद घ्यायला लावा.

हॉलचं म्हणाल तर सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, फेस्टिवलवाले माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. त्यात तुमचा घोळ असा की सूट मागताना फिल्मची माहिती द्यावी लागते आणि तुमच्या फिल्म रविवारी संध्याकाळी जन्माला येणार. म्हणून त्याच रात्री निकाल लावायची घाई करू नका, स्क्रीनिंग महिनाभर पुढे ठेवा. तेवढ्यात परीक्षकांचंही नीट बघून होतं.

सावजी_स्लेट:
व्हॉलंटियर पाहिजे असन तर सांगा, येतो. पण टेबलावर नाही बसणार.