चाहतेपण म्हणजे रिकामटेकडेपणा नव्हे : माटुंगेकरांना उत्तर

गिरगावची प्रेक्षक

माटुंगेकर यांनी परवा पडद्यावरच्या माणसांपायी आयुष्य उधळणाऱ्यांविषयी जे लिहिले, ते वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : २ नोव्हेंबरला वांद्र्याच्या बँडस्टँडवर नटाच्या बंगल्यासमोर ताटकळणारी, मालिकेतल्या सुनेवर अन्याय झाला म्हणून हळहळणारी आणि एकच चित्रपट पुन्हापुन्हा पाहणारी शिकलीसवरली माणसे आपला वेळ, पैसा आणि बुद्धी फुकट घालवतात, विशीपर्यंत हे क्षम्य आहे, त्यानंतर तो निव्वळ पोरकटपणा होय. अनेकांनी त्यांची पाठही थोपटली. मी चाळिशी केव्हाच ओलांडलेली, बँकेत नोकरी करणारी, घरसंसार सांभाळणारी बाई आहे आणि चित्रपट, नाटक, मालिका या तिन्हींची कट्टर चाहती आहे. तेव्हा उत्तर देणे मला भाग आहे.

हे वेड मोबाइलच्या पिढीने जन्माला घातले असा त्यांच्या लेखाचा सूर आहे, तो इतिहासाला धरून नाही. १४ मार्च १९३१ रोजी आमच्या गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि तिकिटे काळ्या बाजारात विकली गेली. त्याआधी दहा वर्षे, म्हणजे १९२१ साली, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी बालीवाला थिएटरात संयुक्त 'मानापमान' झाले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, एकाच रंगमंचावर आले. त्या प्रयोगाला लोटलेल्या लोकांना आपण आज पोरकट म्हणत नाही, उलट त्यांच्या भाग्याचा हेवा करतो.

मला सर्वांत लागलेली गोष्ट वेगळी आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरली आहेत ती छायाचित्रे, जाहिराती आणि पुस्तिका. निर्मात्यांच्या लेखी चित्रपट उतरला की त्याचे काम संपले होते. ज्या चिटोऱ्यांवरून आपण जुना सिनेमा ओळखतो, त्यांतली कितीतरी जपली ती वेड्या प्रेक्षकांनी. माझे वडील थिएटरबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या जमवत असत. पातळ, पिवळट कागद, मुखपृष्ठावर दोन रंगांत छापलेली नायिका, आत ऐन मोक्याच्या जागी सोडून दिलेले कथासार, पुढचे 'पडद्यावर पाहा' अशी सूचना आणि मग गाणी. प्रत्येक चोपडीच्या समासात त्यांनी पेन्सिलीने थिएटरचे नाव, तारीख आणि सोबत कोण होते ते लिहून ठेवले आहे. कोणता चित्रपट गिरगावात कोणत्या थिएटरला लागला आणि तिथून कुठे हलला, हे त्या समासांवरून आजही सांगता येते. एका गिरणी कामगाराने हे पगारातून पैसे बाजूला काढून केले. याला बुद्धी फुकट घालवणे म्हणत असाल, तर बुद्धीचा सदुपयोग कशाला म्हणावे ते तरी सांगा.

माटुंगेकर

आपल्या वडिलांविषयी मला आदर वाटतो, परंतु आपण संग्राहकाला पुढे करून भक्ताची बाजू मांडली आहे. माझा आक्षेप भक्तीला आहे. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना जीवघेणी दुखापत झाली आणि त्यांना मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात आणले, तेव्हा माझा थोरला भाऊ बारावीला होता. तो रोज कॉलेज बुडवून रुग्णालयाबाहेरच्या गर्दीत उभा राहायचा. घरात त्याच सुमारास आमचे आजोबा आजारी होते. त्यांना औषध द्यायला मात्र त्याला सवड नसे. आईने त्याला एकदा एवढेच विचारले, "तुझ्या आजोबांसाठी नवस कोण बोलणार?" त्याने उत्तर दिले नाही. त्याचे ते वर्ष वाया गेले आणि आजोबाही गेले. ज्या माणसाला आपले नावही ठाऊक नाही त्याच्यासाठी आपण रडतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला विसरतो, हे मी घरात पाहिले आहे. त्यामुळे मला इतिहास शिकवू नये.

आणखी एक. २०२० च्या जूनमध्ये वांद्र्यात एका तरुण नटाचे निधन झाले, त्यानंतर त्याच्या चाहत्यांच्या झुंडींनी त्याच्या मैत्रिणीला कोणताही न्यायनिवाडा होण्याआधीच दोषी ठरवून महिनोन्महिने छळले. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. त्या झुंडीतल्या कितीजणांनी तिची क्षमा मागितली? हे प्रेम असेल, तर मला ते नको.

ठाण्याची मालिकाप्रेमी

माटुंगेकर, आपल्या भावाचे दुःख समजते. परंतु आपल्या मूळ लेखात सर्वांत बोचरी वाक्ये मालिका पाहणाऱ्या बायकांवर आहेत, त्याबद्दल आपण चकार शब्द काढलेला नाही. ४ जुलै २०२४ रोजी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला पाहण्यासाठी मरीन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कार्यालये सोडून आलेले, वयाने चांगले पन्नाशीचे पुरुष विजेच्या खांबांना धरून उभे होते. त्यांच्यावर आपण लेख लिहिला नाहीत. क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असलेला पुरुष जाणकार ठरतो आणि मालिकेचे कथानक तोंडपाठ असलेली बाई रिकामटेकडी ठरते, हा न्याय मला मान्य नाही.

माझ्या सासूबाई पक्षाघातानंतर शेवटची काही वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात 'चार दिवस सासूचे' चालू होती. २००१ पासून २०१३ पर्यंत चाललेल्या या मालिकेचे ३,००० हून अधिक भाग झाले, यावर आपण हसणार हे मला माहीत आहे. आम्हा दोघींत लग्नापासून अबोला नसला तरी मोकळेपणाही नव्हता. मालिकेतल्या सासूने सुनेला काही बोलले की या म्हणत, "असं बोलायला नको होतं तिनं." हळूहळू आमच्या लक्षात येऊ लागले की आम्ही मालिकेविषयी बोलत नसून स्वतःविषयी बोलत आहोत. ज्या गोष्टी आम्ही एकमेकींना समोरासमोर कधीच सांगू शकलो नसतो, त्या पडद्यावरच्या बायकांच्या नावाने सांगितल्या. आपण म्हणता की चाहते शेजारच्या खोलीतल्या माणसाला विसरतात. मी त्या खोलीतच बसून मालिका पाहत होते.

लालबागकर

सगळी चर्चा बंगले आणि मालिकांभोवती फिरते आहे, म्हणून मूळ दुखण्याकडे लक्ष वेधतो. मुंबईतल्या मराठी माणसाचे चाहतेपण मराठी चित्रपटापाशी येऊन का आटते? हिंदी नटाच्या वाढदिवसाला उन्हात उभे राहणारा मराठी माणूस मराठी चित्रपट "मोबाइलवर आला की बघू" म्हणतो. आमच्याकडे भारतमाता चित्रपटगृह आहे. गिरणीच्या जागेवर उभे असल्यामुळे ते राहणार की जाणार हा घोर लालबाग-परळकरांना कित्येक वर्षे लागलेला आहे. दादरचे चित्रा २०१९ साली बंद झाले. आणि उपनगरातल्या मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला कोणती वेळ मिळते? मी गेल्या वर्षी सहकुटुंब पश्चिम उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो, तिकिटे आधी काढलेली होती, तरी दारात सांगितले की प्रेक्षक कमी असल्यामुळे खेळ रद्द झाला आहे, पैसे परत मिळतील. त्याच पडद्यावर त्याच वेळी हिंदी चित्रपट लावला होता. हे चीड आणणारे आहे.

चित्रपट वितरणातला एक

लालबागकरांची चीड रास्त आहे, परंतु व्यवहार कसा चालतो हेही पाहावे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात वाद होऊन हिंदी चित्रपटांचे प्रदर्शन दोनेक महिने थांबले होते. त्यानंतर ठरलेल्या वाटणीत निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात निव्वळ उत्पन्नाचे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता हिस्सा आला. अशा पद्धतीत सगळी झुंबड पहिल्या आठवड्यावर येते. शुक्रवार ते रविवार गल्ला जमला नाही, तर सोमवारपासून खेळ कमी होतात आणि उरलेले अडनिड्या वेळी जातात. मराठी प्रेक्षकाची सवय मात्र अशी की आधी कोणीतरी पाहून "चांगला आहे" म्हणावे, मग पुढच्या शनिवारी जावे. त्या शनिवारपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. यात कोणाचा कट नाही.

लालबागकर

कट नाही, असे म्हणणे सोपे आहे. मग एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली, ती काही दिवसांतच दुपारी १२ ते रात्री ९ अशी का सैल झाली? दुपारी साडेबाराच्या खेळाला मंगळवारी कोण जाणार? नोकरदार माणूस जाऊ शकत नाही, मग गल्ला जमत नाही, मग तुम्हीच म्हणता की प्रेक्षक नाही. आधी हातपाय बांधायचे आणि मग पोहता येत नाही म्हणून हिणवायचे, असला हा प्रकार आहे.

चित्रपट वितरणातला एक

२९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' लागला, तेव्हा त्याला वेळ कोणी मागून दिली नव्हती. लोक खुर्च्यांवरून उठून नाचत होते आणि थिएटरवाले आपणहून खेळ वाढवत होते. आपण नियमाच्या नावाने बोटे मोडत बसता, पण आपल्या सोसायटीतल्या किती घरांनी या वर्षी पहिल्या तीन दिवसांत एखाद्या मराठी चित्रपटाचे तिकीट काढले, हे आधी विचारून या.

लालबागकर

माझ्या सोसायटीविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. आम्ही कुटुंबासह गेलो होतो आणि आम्हाला परत पाठवले, हे वर लिहिले आहे. ते न वाचताच आपण उपदेश करता. 'सैराट'सारखे यश एका दशकात एखाद्यालाच मिळते. अपवाद पुढे करून नियम झाकू नये. एवढे मात्र मानतो की पहिल्या आठवड्याचा हिशेब आपण सांगितलात तसाच आहे आणि तो आमच्या लोकांना कोणी समजावून सांगितलेला नाही.

गिरगावची प्रेक्षक

दोघांनाही विनंती आहे की आवाज जरा खाली आणावा, कारण आपल्या भांडणातूनच माझा मुद्दा अधिक स्पष्ट झाला आहे. पहिल्या शुक्रवारी, कोणी चांगले म्हणण्याची वाट न पाहता, तिकीट काढणारा माणूस कोण असतो? चाहताच ना? ज्याला त्या दिग्दर्शकाचा किंवा नटीचा आधीपासून ध्यास आहे, त्याच्याखेरीज अनोळखी चित्रपटावर पैसे लावणारा दुसरा कोणीही नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मराठा मंदिरने 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा १९९५ पासून चालत आलेला खेळ बंद करायचे ठरवले आणि प्रेक्षकांच्या आग्रहामुळे काही दिवसांतच तो पुन्हा सुरू केला. त्या सकाळच्या खेळाला मी अनेकदा गेले आहे. मुंबई सेंट्रलला गाडीची वाट पाहणारे प्रवासी, रात्रपाळी संपवून आलेले कामगार आणि संवाद पडद्याच्या आधी म्हणणारी माणसे शेजारी-शेजारी बसलेली असतात. मराठी चित्रपटाला नियमाइतकीच अशा हट्टी माणसांची गरज आहे, आणि अशाच माणसांना माटुंगेकर शहाणपणाचे डोस पाजत आहेत.

माटुंगेकरांनी २०२० चा जो दाखला दिला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. झुंडीचे ते वागणे हिडीस होते आणि वृत्तवाहिन्यांनी त्यात तेल ओतले. मात्र त्यासाठी माझ्या वडिलांना आणि ठाण्याच्या बाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

माटुंगेकर

पहिल्या शनिवारी स्वतःच्या पैशाने मराठी चित्रपट पाहणाऱ्या माणसाला मी पोरकट म्हणणार नाही. तेवढे आपण माझ्याकडून लिहून घ्यावे. मालिकांविषयीची ती दोन वाक्ये मी काढून टाकतो, कारण ठाण्याच्या बाईंनी लिहिलेली हकीकत मला खोडता येत नाही. बंगल्यासमोरच्या गर्दीविषयी माझे मत तसूभरही बदललेले नाही आणि माझ्या भावाला ओळखणाऱ्या कोणाचेही बदलणार नाही.

ठाण्याची मालिकाप्रेमी

आणि मरीन ड्राइव्ह?

माटुंगेकर

त्यावर स्वतंत्रपणे लिहीन. मीही तिथे गेलो होतो.

लालबागकर

मरीन ड्राइव्हचा धागा वेगळा काढावा. इथे प्रश्न वेळेचा आहे. जोपर्यंत नियमात दुपारी १२ पासूनची मुभा आहे, तोपर्यंत पहिल्या शुक्रवारी जाऊ इच्छिणाऱ्या नोकरदार चाहत्याने जायचे कधी, याचे उत्तर वितरणातल्या गृहस्थांनी अद्याप दिलेले नाही. शुक्रवारी संध्याकाळी सातचा किमान एक खेळ प्रत्येक मल्टिप्लेक्समध्ये मराठीला मिळावा, अशी मागणी करणारे निवेदन मी लिहायला घेतले आहे. त्यावर सही करायला ते तयार आहेत का, एवढेच त्यांनी सांगावे.

चित्रपट वितरणातला एक

एका खेळाची मागणी असेल, तर सही करीन. मसुदा आधी दाखवा, आणि त्यात खेळ रद्द करण्याआधी तिकीट काढलेल्यांना किती तास अगोदर कळवावे, हेही कलम घाला.