कर्जाऊ शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांचे अनुभव

गोखलेरोडकर :
भाचीच्या शैक्षणिक कर्जासाठी परवा बँकेत जामीन राहिलो आणि आमच्या ज्ञातीच्या विद्यार्थी साहाय्यक निधीची आठवण झाली. बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये आली; त्यापूर्वी ज्याच्याकडे तारण ठेवण्यासारखे काही नव्हते, त्याला अशा निधीवाचून फारसा आधार नसे. माझे अभियांत्रिकीचे शिक्षण या बिनव्याजी पैशांवर झाले. वीस पैशांच्या रेव्हेन्यू तिकिटावर आडवी सही केली आणि नोकरी लागल्यावर हप्ते फेडले. मुंबईत असे निधी पुष्कळ होते. आपण कोणी घेतले असल्यास, अथवा चालवले असल्यास, अवश्य लिहावे.

लालबागची :
आमच्याकडे अडले ते जामिनावर. दोन जामीनदार कायम नोकरीतले हवे होते आणि १९८२ च्या गिरणी संपात चाळीतल्या बहुतेक घरांचा पगार बंद झाला होता. अखेर बेस्टमधल्या एका कंडक्टर काकांनी सही केली. मुलाखतीत मात्र गुणपत्रिका बाजूला ठेवून, लग्न झाल्यावर पैसे कोण फेडणार, असे मला विचारले गेले; भावाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

माटुंग्याचा मध्या :
आम्हाला आधी गाव विचारले, मग गोत्र, आणि वेळ उरला तेव्हा टक्के.

जुना खजिनदार :
अशा एका निधीचे हिशेब मी बरीच वर्षे सांभाळले, म्हणून दुसरी बाजू मांडतो. देणगीदार कुणाच्या तरी स्मरणार्थ कायम ठेव ठेवत. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज वाटायचे, अशी अट असे. ज्या ठेवीच्या व्याजातून पूर्वी एका विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क निघे, त्याच ठेवीच्या व्याजात पुढे वह्यासुद्धा येईनात. कर्जाऊ रकमेचेही तेच झाले. विद्यार्थी प्रामाणिकपणे फेडत, पण परत आलेल्या रुपयाची किंमत तोवर घटलेली असे आणि बिनव्याजी कर्जात ही घट निधीच सोसत असे. बाजारात पैसे गुंतवावेत म्हटले, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची बंधने, आणि ठेवी एकत्र करायच्या किंवा उद्देश बदलायचा, तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे. कर्ज बुडवणारे थोडे होते. त्यांच्यापेक्षा महागाईने आम्हाला अधिक बुडवले, असे माझे मत आहे.

फोर्टातली :
खजिनदारसाहेब, म्हणूनच जे. एन. टाटा एंडोमेंटचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. जमशेटजींनी ते १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी सुरू केले. आरंभी ते पारशी विद्यार्थ्यांपुरते होते, पुढे सर्व भारतीयांना खुले झाले. के. आर. नारायणन, राजा रामण्णा, जयंत नारळीकर ही त्यातूनच गेलेली मंडळी. तेही दान नव्हे, फेडायचे कर्जच आहे. परंतु मूळ भांडवल मोठे आणि दार सर्वांना उघडे. छोट्या ज्ञातिनिधींपाशी यांपैकी काहीच नव्हते.

परळचा :
दाराचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आमच्या मजल्यावरच्या एका हुशार मुलाला केवळ ज्ञाती वेगळी म्हणून अर्जाचा कागदसुद्धा मिळाला नाही. अशा निधींविषयी कृतज्ञता बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. गुणांवर मिळणारी जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, जी चिंतामणराव देशमुखांनी १९१२ च्या मॅट्रिकला मिळवली, ती मला म्हणूनच अधिक न्याय्य वाटते.

माटुंग्याचा मध्या :
ती न्याय्य खरी, पण त्यासाठी आधी संस्कृत यावे लागते. आम्ही रूपावलीतच अडकलो.

गोखलेरोडकर :
परळचा, आक्षेप मान्य आहे. आमच्या निधीत ज्ञातीची अट काढण्याचा ठराव चर्चेला आला होता, तेव्हा देणगीदारांच्या वारसांनी हरकत घेतली. खजिनदारसाहेब, अशा वेळी जुन्या ठेवी तशाच ठेवून नव्या देणग्यांपुरता खुला निधी वेगळा काढता येतो का? येत असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत तसे मांडेन.