माचू पिच्चू, पीतज्वराची लस आणि आमचे हे : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही घरातलं भांडण मिटवायला.

आम्ही साताऱ्याचे. हे ६१, मी ५७, दोघंही निवृत्त. लेकीच्या भाषेत आम्ही 'जुनी दगडं बघत हिंडतो'. अथेन्स, डेल्फी झालं, मग पेट्रा. अॅक्रोपोलिसचा संगमरवर पावलांनी इतका गुळगुळीत झालाय की माझे नवेकोरे बूट भर उन्हात, कोरड्या जागी घसरले. पेट्रात अद-दैरच्या सुमारे ८०० पायऱ्या मी गप्पा मारत चढले, पण उतरताना गुडघे बोलायला लागले. हे सांगायचं कारण पुढे येतंय.

आता पेरू देश, तिथलं डोंगरावरचं इंका लोकांचं जुनं शहर माचू पिच्चू बघायला. एप्रिलमध्ये लेकीकडे अमेरिकेत, मेअखेर तिथून लिमा आणि कुस्को, मग थेट मुंबई असा बेत आहे. व्हिसाची कटकट नाही. अमेरिकेचा व्हिसा किमान सहा महिने शिल्लक असला की भारतीयांना पेरूत पर्यटनासाठी वेगळा लागत नाही, आणि आमचा भरपूर शिल्लक आहे.

भांडण वाटेवरून आहे. ह्यांना माचू पिच्चूपर्यंत चालत नेणारी चार दिवसांची इंका ट्रेलच करायचीय. सुमारे ४३ किलोमीटर, तंबूत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी ४,२१५ मीटरवरची खिंड. खिंडीचं नाव 'मेलेल्या बाईची खिंड'. मी म्हटलं, मला जिवंत परत यायचंय. ह्यांचं एकच पालुपद, "रोज अजिंक्यतारा चढतो मी." अहो, पण अजिंक्यतारा उतरलं की घरी पोहे तयार असतात! आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्कोच्या विमानतळावर उतरतानाच माणूस त्याच्या दुप्पट उंचीवर असतो. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे. आमचे डॉक्टर म्हणाले प्रवासाला हरकत नाही, पण एवढ्या उंचीबद्दल जाणकाराला विचारा.

दुसरं लचांड लसीचं. पेरू पीतज्वराच्या (यलो फीवर) यादीत आहे, त्यामुळे तिथून भारतात परतताना लसीचं पिवळं कार्ड लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ज्या एजंटाकडून सगळं करून घेत होतो, त्याने हे अवाक्षरानेही सांगितलं नाही. लस जिवंत विषाणूची. साठीनंतर पहिल्यांदा घेतली तर गंभीर त्रासाचा धोका वाढतो म्हणून डॉक्टर कचरतायत. नुसत्या परतीच्या कागदासाठी ह्यांना ती टोचायची का?

अनुभवी लोकांनी सांगा. ट्रेलची परमिटं महिनोन् महिने आधी संपतात म्हणे, म्हणून घाई आहे.

घाटवाट

ताई, उंचीचं आधी. बहुतेक लोक कुस्कोला उतरून तिथेच राहतात आणि पहिल्या रात्री डोकं धरून बसतात. कुस्को ३,४०० मीटर, पण माचू पिच्चू फक्त २,४३० च्या आसपास. म्हणून विमानतळावरूनच गाडी करून खाली ओयांतायताम्बोला जा (२,८०० मीटर). दोन-तीन रात्री तिथे काढा, माचू पिच्चूची आगगाडीही तिथूनच सुटते. कुस्को शेवटी ठेवा, तोवर अंगाला सवय होते. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, आपल्या आपण सुरू करू नका. बीपीच्या गोळीशी जमतं का आणि सल्फाची अॅलर्जी आहे का, हे डॉक्टरांशी बोलूनच. तिथे कोकाच्या पानांचा चहा सर्रास देतात, प्या, पण पानं पिशवीत घालून आणू नका. आपल्याकडे तो गुन्हा आहे.

वाटेचं म्हणाल तर मधला मार्ग आहे. रेल्वेच्या १०४ व्या किलोमीटरला आगगाडीतून उतरायचं आणि एका दिवसात सूर्यद्वारातून माचू पिच्चूवर पोहोचायचं. १०-१२ किलोमीटर, तंबू नाही, ती खिंड नाही. वाटेत विन्याय वायना ह्या इंकांच्या जुन्या ठिकाणाचे डोंगरउताराला कोरलेले पायऱ्या-पायऱ्यांचे टप्पे लागतात. मला तर ते माचू पिच्चूपेक्षा जास्त आवडले, गर्दीच नव्हती. परमिट ह्यालाही लागतं. मोठ्या ट्रेलला दिवसाला ५०० जण सोडतात, आणि त्यात हमाल-आचारीही धरलेले असतात.

कृष्णाकाठचा

सांगलीकराचं ऐका, क्रम उलटा करा. आधी पेरू, मग लेक.

कार्डाचा नियम पीतज्वराच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्यांना आहे. पेरूनंतर महिनाभर अमेरिकेत राहिलात तर तो प्रश्नच उरत नाही. अमेरिका हे कार्ड मागत नाही. फक्त पेरूतून निघाल्याच्या बोर्डिंग पासची प्रत जपून ठेवा, मुंबईत कोणी विचारलं तर तारीख दाखवता येईल. आणि तुम्ही लिमा, कुस्को, माचू पिच्चू एवढंच करणार असाल तर तब्येतीसाठीही ह्या लसीचा आग्रह धरत नाहीत. अॅमेझॉनच्या जंगलात उतरणार असाल तर गोष्ट वेगळी. जाणार आहात का?

खादाडखाऊ

वाटेत खायला कंदी पेढे न्या. एवढंच सुचलं.

धागाकर्ती

कृष्णाकाठचा, साष्टांग नमस्कार! इतकं सोपं आमच्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. जंगलात जाणार नाही, मला डास नकोत. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बरंच झालं, दमून आलात की मी विश्रांती देईन. म्हणजे नातवंडं सांभाळायला लावेल.

घाटवाट, मुक्कामाचा क्रम तुम्ही सांगितला तसाच केलाय. ट्रेलचं मात्र दोन दिवस धुसफुसत होतं. शेवटी मी ह्यांना सांगितलं, विन्याय वायनाचा अर्थ 'सदा तरुण'. आता मेलेल्या बाईकडे जायचं की सदा तरुणाकडे, तुम्हीच ठरवा. संध्याकाळी स्वतःच म्हणाले, एक दिवसाचं बुक कर.

शेवटचा प्रश्न. ट्रेलवर चालायच्या काठ्यांना खाली रबरी बूच लागतं, उघडं धातूचं टोक चालत नाही. आमच्या काठ्यांची बुचं पेट्रातच कुठेतरी पडली. राजवाड्याजवळ दोन दुकानांत विचारलं, त्यांनी वॉकरची बुचं काढून दाखवली.

घाटवाट

काठी दुकानात घेऊन जा. माप घट्ट बसलं तर तीच घ्या, आणि चार जास्तीची घ्या.