दुर्लक्षित युनिट कॅन्टीनचा चार्ज घेताना सुरुवात कुठून करावी?

सुभेदार_नवा_चार्ज

नमस्कार मंडळी. एका लहान यूआरसीचा (युनिट रन कॅन्टीन, म्हणजे लष्करी युनिटनं चालवलेलं कॅन्टीन) चार्ज सोमवारी घ्यायचा आहे. स्थिती अशी: लेजरवर साधारण 8 लाखांचा माल, महिन्याची विक्री 4 लाखांच्या आसपास. माल देणारा सीएसडीचा (कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट) डेपो 110 किलोमीटरवर, डिमांड (मालाची मागणी) महिन्यातून एकदाच जाते, ट्रकचं भाडं एका फेरीला 7,000. जुनी बरॅक, पत्र्याचं छप्पर, कामाला दोन मुलं. डिओ, शेव्हिंग क्रीम, काचेची भांडी, पावडरची मोठी पाकिटं यांनी रॅक भरलेत. खोबरेल तेल, चहा, अंगाचा साबण मात्र महिन्याच्या 12 तारखेलाच संपतो. गिऱ्हाईक निम्मे सर्व्हिंग (सध्या नोकरीत असलेले), निम्मे आजूबाजूच्या गावांतले माजी सैनिक. पहिली मोठी डिमांड टाकून रॅक भरावेत, की आधी आहे तो माल निस्तरावा? लिकर आहे, पण थोडीच.

खडकीकर

साहेब, डिमांड नंतर. आधी मोजणी, आणि मोजणी होईपर्यंत चार्ज सर्टिफिकेटवर सही करू नका. एकदा सही झाली की आधीच्या माणसाच्या काळातली तूटही तुमच्या नावावर बसते.

कॅन्टीन दोन दिवस बंद ठेवायची लेखी परवानगी घ्या आणि गेटवर चार दिवस आधी नोटीस लावा. मोजणी जोडीनं करा: एक मोजणार, दुसरा लिहिणार. मोजणाऱ्याच्या हातात सीआयएमएसमधला (कॅन्टीनच्या साठ्याचं सॉफ्टवेअर) आकडा अजिबात द्यायचा नाही. आकडा समोर असला की माणूस तिथपर्यंतच मोजतो, मागच्या रांगेत हात घालत नाही. इंडेक्स नंबर (प्रत्येक वस्तूचा ठरलेला क्रमांक), बॅच, मुदत आणि नग असे चारच रकाने ठेवा. वरून बंद दिसणारी खोकीसुद्धा उघडा. जुन्या कॅन्टीनमध्ये खालून उघडून पुन्हा टेप मारलेली खोकी हमखास निघतात. उघडणं शक्य नसेल तर त्याच मालाच्या दुसऱ्या खोक्याशी वजन ताडून पाहा. दोन साबण कमी असले तरी काट्यावर कळतं.

तफावतीचा तक्ता करून कॅन्टीन ऑफिसरकडे द्या. कॉम्प्युटरवरचा स्टॉक स्वतः जुळवून घ्यायचा मोह टाळा. तूट माफ करणं किंवा वसूल करणं हे बोर्डाचं (त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या मंडळाचं) आणि सीओंचं (कमांडिंग ऑफिसरचं) काम आहे. मुदत संपलेला माल बोर्डासमोर पाकिटं फाडून, बाटल्या रिकाम्या करून नष्ट करा. नुसता मागच्या खड्ड्यात टाकला तर दुसऱ्या दिवशी तो गावातल्या टपरीवर दिसतो.

लिकरचं रजिस्टर वेगळं ठेवा आणि ब्रँडनिहाय बाटल्या रोज संध्याकाळी मोजा. फुटलेल्या बाटलीची झाकणासकट मान बोर्ड होईपर्यंत जपून ठेवा. नाहीतर 'फुटली' या शब्दाला पुरावा राहत नाही.

हिशेब_चोख

खडकीकरांच्या मोजणीला पूर्ण अनुमोदन. मी पैशांचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

8 लाखांचा माल आणि 4 लाखांची विक्री, म्हणजे दोन महिन्यांचा साठा. तरीही 12 तारखेला तेल संपतं. माल कमी नाही, चुकीच्या मालात पैसा अडकलाय. मोजणी झाली की प्रत्येक इंडेक्ससमोर मागच्या 90 दिवसांचा खप लिहा आणि शिल्लक त्या वेगानं किती दिवस पुरेल ते काढा. 120 दिवसांहून जास्त पुरणाऱ्या सगळ्या वस्तूंवर लाल खूण. त्यांची बेरीज म्हणजे तुमचं अडकलेलं भांडवल. लाल खुणेच्या वस्तूला पुढच्या डिमांडमध्ये शून्य, मग कोणी कितीही आग्रह करो.

आता सगळ्यात मोठी फसगत. विक्रीच्या रिपोर्टवर डोळे मिटून डिमांड काढू नका. वस्तू संपलेली असते त्या दिवशी खप शून्य दिसतो, गरज शून्य नसते. समजा 500 मिलिच्या खोबरेल तेलाच्या 90 दिवसांत 144 बाटल्या गेल्या. रिपोर्ट म्हणेल, रोजच्या 1.6. पण तेल रॅकवर फक्त 36 दिवस होतं, तेव्हा खरा खप रोजचा 4. महिन्यातून दोन डिमांड गेल्या तर 15 दिवसांचं अंतर, माल हातात यायला 7 दिवस, 5 दिवसांचा राखीव, एकूण 27 दिवस. 27 गुणिले 4 म्हणजे 108. हातात 12 असतील तर 96 मागवायच्या, म्हणजे 24 च्या खोक्यानं 4 खोकी. रिपोर्टच्या आकड्यानं हाच हिशेब जेमतेम सव्वा खोक्यावर थांबतो. दरवेळी असं होत गेलं की चालणारी वस्तू आणखी लवकर संपते, रिपोर्टमध्ये तिचा खप आणखी कमी दिसतो आणि पुढची डिमांड आणखी घटते. दुर्लक्षित कॅन्टीन अशीच आतून वाळत जाते.

एक खबरदारी: बऱ्याच दिवसांनी माल आला की पहिल्या दोनतीन दिवसांत लोक साठवून ठेवायला नेतात. ते दिवस सरासरीतून वगळा, नाहीतर उलट्या बाजूनं चूक होईल.

गोदामवाला

ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण दोन डिमांड म्हणजे दोन फेऱ्या. 4 लाखांच्या मालावर 7,000 भाडं म्हणजे पावणेदोन टक्के. तोच माल दोनदा आणला तर साडेतीन टक्के. विक्रीचे दर तुमच्या हातात नसतात, तेव्हा हे पैसे कॅन्टीनच्या तुटपुंज्या नफ्यातूनच जाणार. मुलांचे पगारही त्यातूनच निघतात. यूआरसीचे कामगार सरकारी नोकर नाहीत हे सुप्रीम कोर्टानं 2009 मध्ये स्पष्ट केलंय, म्हणजे पगाराला दुसरा आधार नाही. जवळच्या युनिटच्या कॅन्टीनशी बोलून एकाच तारखेला माल उचला आणि भाडं निम्मं वाटून घ्या. खोक्यांवर दोन रंगांच्या मार्करनं खुणा केल्या की उतरवताना वाद होत नाहीत.

डेपोत खोकी मोजूनच गाडीत चढवा. ओली, दबलेली, दुसऱ्यांदा टेप मारलेली खोकी तिथेच बाजूला काढा आणि कमी-जास्तीची नोंद गेटबाहेर पडण्याआधी कागदावर घ्या. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीला वजन नसतं. मुदत तिथेच वाचा. तुमच्याकडे चार महिन्यांत विकला जाणारा माल तीन महिन्यांच्या मुदतीचा घेऊच नका.

आता बरॅक. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात माल दोन बाजूंनी मरतो: वरून गळती, खालून ओल. खोकी थेट फरशीवर नकोत. 10 ते 15 सेंटिमीटर उंच लाकडी फळ्या घाला आणि भिंतीपासून एक फूट जागा सोडा. ती जागा हवेसाठी लागते आणि उंदराची लेंडी दिसावी म्हणूनही लागते. ओलीनं पुठ्ठा मऊ पडला की सगळ्यात खालचं खोकं बसतं आणि वरची चळत कलंडते. तेलाच्या बाटल्या खालच्या थरात फुटतात त्या अशा. खोक्यावर किती थर रचायचे ते छापलेलं असतं, पावसाळ्यात त्यातला एक थर कमी करा. पाऊस कोसळत असताना एक्झॉस्ट फॅन लावू नका, तो बाहेरची दमट हवा आत ओढतो. दुपारी उघडीप मिळाली की तासभर लावा.

चहा आणि बिस्किटं अंगाच्या साबणाजवळ ठेवू नका, ही चूक मला फार ठिकाणी दिसते. चहापत्ती वास धरते. पाकीट बंद असलं तरी दोन महिन्यांत चहाला साबणाचा वास येतो, मग लोक कंपनीला नावं ठेवतात. कीटकनाशक आणि फिनेल वेगळ्या रॅकमध्ये, तेही सगळ्यात खाली, म्हणजे गळलं तरी खाण्याच्या वस्तूंवर पडणार नाही. उंदरांना विष घालू नका, मेलेला उंदीर चळतीमागे कुजतो. पिंजरे लावा आणि पेन्सिल आत जाईल एवढं भोकही सिमेंटनं बुजवा.

प्रत्येक खोक्यावर मुदतीचा महिना-वर्ष हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं लिहा. आधी मुदत संपणारा माल पुढे. 'आधी आला तो आधी' हा नियम इथे अपुरा पडतो, कारण डेपोतून नंतर आलेल्या बॅचची मुदत कधीकधी आधीची असते.

सुभेदार_नवा_चार्ज

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. लाल खुणेचा माल कमी दरानं काढता येईल का? आणि दर्शनी भागात फ्रिज, वॉशिंग मशीन मांडलेत, ते ठेवावेत का?

हिशेब_चोख

स्वतःच्या अधिकारात दर उतरवू नका. दर आणि इंडेक्स सीएसडीच्या मुंबईतल्या मुख्यालयातून येतात आणि बिल त्याच दरानं फाटलं पाहिजे. बाहेरच्या दुकानदाराला माल देणं तर गुन्हाच. या मालावर जीएसटीची अर्धी सवलत आहे आणि ती फक्त कॅन्टीनच्या कार्डधारकासाठी आहे. मुदत शिल्लक असतानाच डेपोला लेखी कळवा, आणि वरिष्ठांच्या लेखी परवानगीनं मोठ्या स्टेशनच्या कॅन्टीनला माल वर्ग करता येतो का ते पाहा. तिथे डिओचे 60 नग आठवड्यात जातात, तुमच्याकडे वर्ष घेतील. उरलेला माल तळाच्या रॅकमधून काढून नजरेच्या उंचीवर, काउंटरजवळ मांडा. निम्मा तेवढ्यानंच हलतो.

खडकीकर

फ्रिज, मशीन काढा. एएफडीची (फ्रिज, वॉशिंग मशीन, गाड्या अशा आधी पक्की मागणी नोंदवून घ्यायच्या महाग वस्तूंची) नोंदणी जानेवारी 2021 पासून ऑनलाइन पोर्टलवर होते, नमुना मांडायची गरज उरली नाही. त्या जागेत तेल, साबण, चहा, डाळ-तांदूळ अशी रोजच्या खपाची दहा-बारा इंडेक्स ठेवा. लोकांनी आत शिरताच त्या भरलेल्या पाहिल्या पाहिजेत. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकांच्या गावातून निवृत्त हवालदार एसटीनं येतो, अर्धा दिवस घालवतो आणि तेल-साबण नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत जातो. पुढच्या महिन्यात तो येत नाही आणि कॅन्टीनचा खप तिथेच तुटतो.

पेन्शन जमा झाल्यानंतरचे पाच दिवस सर्व्हिंगची वेळ संध्याकाळी आणि माजी सैनिकांची सकाळी ठेवा. वीरनारींना आणि सत्तरीपुढच्यांना टोकन नको, थेट काउंटर. बसायला सावलीत बाक आणि पाण्याचा माठ ठेवा, याला खर्च नाही. कार्ड रीडरवर चालत नसेल तर चिप कोरड्या मऊ कापडानं पुसून पुन्हा घाला, बऱ्याचदा घामाचा थरच असतो. बिल रोलची पाच भेंडोळी आणि चालू बॅटरीचा यूपीएस हाताशी हवाच. रोज बंद करताना सीआयएमएसचा बॅकअप दोन ठिकाणी घ्या, त्यातला एक ऑफिसच्या कपाटात.

आणि पहिली डिमांड फक्त त्या दहा-बारा इंडेक्सची टाका, पण एकही वस्तू 27 दिवसांच्या आत संपणार नाही एवढी. डेपोत नसलेली वस्तू डिमांडमधून कटते, म्हणून प्रत्येकीला दुसऱ्या साइजचा किंवा ब्रँडचा पर्याय डिमांडमध्येच लिहून ठेवा.