कोरीच्या मिशा झडताहेत, खडी बदलू का?

सायलीची_टाकी
नमस्कार मंडळी. दोन फुटी टाकी आहे, २४×१२×१२ इंच. आठ महिन्यांपूर्वी गप्पींच्या जोडीला दोन ब्राँझ कोरी (कोरीडोरास, तळाशी राहणारे मिशांचे छोटे मासे) आणल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, तळाची घाण खाऊन राहतात, वेगळं काही घालायला नको." मी ऐकलं. आता एकीच्या मिशा जेमतेम तांदळाच्या कणीएवढ्या उरल्यात, दुसरीच्या डावीकडच्या गायबच. तळाला निळी खडी आहे, हरभऱ्याएवढी, हाताला टोचते. अंगावर पांढरं काही नाही, पर शाबूत. आणखी एक, मधूनच सुळकन वर जातात, तोंड बाहेर काढतात आणि तितक्याच वेगात खाली. सासूबाई म्हणतात पाण्यात हवा कमी आहे. पंप तर चोवीस तास चालू असतो. मीठ टाकून बघू का?

गोल्डीवाला
टाका की चमचाभर खडेमीठ. माझ्या गोल्डफिशला दरवेळी गुण येतो.

तळघर
गोल्डीवाले दादा, गोल्डफिशचं ठीक, कोरीला मीठ फारसं मानवत नाही. नका टाकू.

ताई, वर जाऊन हवा गिळणं हा तिचा स्वभावच, ती आतड्यातूनही ऑक्सिजन घेते. दिवसभर तेच चाललं असेल तर मात्र अमोनिया तपासा. मिशांचं म्हणाल तर सगळे खडीला नावं ठेवतात. मला विचाराल तर खडीच्या फटीत कुजणारं खाणं जास्त वाईट. ही तिथेच नाक खुपसून बसते ना! मुळं शिल्लक असतील तर मिशा पुन्हा येतात.

बारीक नदीची वाळू घ्या, पीठचाळणीने चाळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका, फेस आला तर शिंपल्याचा चुरा आहे, ती नको. इंचभर थर पुरे. त्याच दिवशी फिल्टर मात्र धुवू नका, खडीबरोबर घाण पचवणारे कामाचे जिवाणूही जाणार आहेत, फिल्टरमधले तरी राहू देत. मासे जाळीने नको, डब्याने काढा. बाजूच्या परांचे काटे जाळीत अडकले की सोडवताना दोघांचेही हाल. बुडणाऱ्या गोळ्या रात्री दिवा मालवल्यावर घाला, नाहीतर गप्पी फस्त करतात. आणि दोनच का? किमान सहा हव्यात. पण आधी तळ सुधारा, मग आणा.

सायलीची_टाकी
रविवारी खडी काढली. खालून काळा गाळ निघाला, सडक्या अंड्याचा वास. हेच खाऊन राहतात म्हणे! वाळू सात बादल्या पाण्यात धुतली. चाळणी सासूबाईंची होती, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काल रात्री टॉर्च लावून बघितलं. जिच्या मिशा जास्त गेल्यात तीच डोळ्यांपर्यंत वाळूत घुसली होती. तोंडाने वाळू घ्यायची आणि कल्ल्यांतून भुर्रकन सोडायची. आठ महिन्यांत हे पहिल्यांदा दिसलं.

गोल्डीवाला
मिठाचं मागे घेतो. चाळणी नवी आणा आधी.